बुडीत खात्यातला पुरुषार्थ

मिशी ही वस्तू नेमकी कशासाठी असते, हे बी.कॉम. होईपर्यंत मला कुणी सांगितलं नाही, आणि बी.कॉम. झाल्यावर असले प्रश्न विचारायची सोय राहिली नाही. डोळ्यांनी दिसतं, कानांनी ऐकू येतं, नाकावर निदान चष्मा तरी ठेवता येतो. मिशीला असं काही काम नाही. ती चहात बुडते, आमटीत भिजते आणि वेळेआधी पिकून मालकाचं वय जाहीर करते. तरीही माणसं ती राखतात, कातरतात, तिला पीळ देतात. आणि एवढं करून तिचा उपयोग काय? तर समोरच्यालाही मिशी असली, तर तिच्याशी आपली ताडून पाहणे!

राष्ट्रांनाही मिशा असतात. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्या पोलादाच्या होत्या, वीस हजारांपासून सत्तर हजार टनांपर्यंत वजनाच्या होत्या आणि समुद्रात तरंगत होत्या. त्यांना बॅटलशिप म्हणत.

आपल्याकडे झाडून सगळ्या लढाऊ जहाजांना युद्धनौका म्हणायची पद्धत आहे. पण बॅटलशिप म्हणजे त्या गावातले पाटील. सगळ्यांत मोठी तोफ यांची, सगळ्यांत जाड चिलखत यांचं. क्रूझर, डिस्ट्रॉयर वगैरे मंडळी यांच्या मागेपुढे धावणारी. भारतीय नौदलाकडे बॅटलशिप कधीच नव्हती, त्यामुळे आपल्याला हा पाटील फक्त फोटोतून ठाऊक.

तुम्ही म्हणाल, बँकेतल्या माणसाने व्याजदरांवर लिहावं, हे तोफांचं लचांड कशाला? पण वाचकहो, साहित्याची समीक्षा करण्यासाठी साहित्यिक असावं लागत नाही, हे आपल्या समीक्षकांनी केव्हाच सिद्ध करून ठेवलं आहे. त्याच न्यायाने, पोहता न येणाऱ्या मनुष्याने बॅटलशिपची समीक्षा करायला हरकत नसावी. शिवाय ही चित्रं मी लहानपणापासून पाहत आलो आहे आणि अजूनही एखादं दिसलं की माझी छाती आपोआप पुढे येते. (पोट आधीपासूनच पुढे असल्यामुळे ते कुणाच्या लक्षात येत नाही, इतकंच.) हे का होतं, याचा छडा लावावा म्हणून हा खटाटोप.

सुरुवात व्याकरणापासून करू. इतकी मर्दानी वस्तू, पण मराठीत तिची काय अवस्था आहे पाहा. युद्धनौका स्त्रीलिंगी. तोफ स्त्रीलिंगी. जहाज तर सरळ नपुंसकलिंगी! इंग्रज खलाशीही जहाजाला ‘ती’च म्हणत आले. जर्मन भाषेतही जहाजांची नावं स्त्रीलिंगी चालतात, मग ते नाव कुणा मिशाळ पंतप्रधानाचं का असेना. याचा एका माणसाला फार राग होता. तो म्हणजे ‘बिस्मार्क’चा कप्तान लिंडेमान. इतक्या बलाढ्य जहाजाला ‘ती’ म्हणायचं नाही, ‘तो’ म्हणायचं, असं त्याने आपल्या लोकांना सांगितलं होतं. जहाजावरून वाचलेल्या एका अधिकाऱ्यानेच हे लिहून ठेवलं आहे. तर १९४१च्या मे महिन्यात ‘तो’ अटलांटिकमध्ये उतरला. २४ तारखेला ‘त्याने’ इंग्रजांचं लाडकं ‘हूड’ बुडवलं. २६ तारखेला कापड चढवलेली, दोन मजली पंखांची, उघड्या खोपटाची जुनाट विमानं आली आणि त्यांतल्या एकाच्या टॉर्पेडोने ‘त्याचं’ सुकाणू जायबंदी केलं. मग ‘तो’ जागच्या जागी गोल फिरत राहिला, आणि दुसऱ्या दिवशी इंग्रज आरमाराने ‘त्याला’ गाठून संपवलं. त्या विमानांचं सरकारी नाव स्वोर्डफिश, पण वैमानिक त्यांना लाडाने ‘स्ट्रिंगबॅग’ म्हणत. स्ट्रिंगबॅग म्हणजे बायका भाजी आणायला नेतात ती जाळीची पिशवी. काहीही कोंबा, मावतं! व्याकरण बदलून घेतलेला पुरुषोत्तम शेवटी बाजाराच्या पिशवीने लोळवला.

आता रचनेकडे वळू. समीक्षकाने आधी गुण सांगावेत, म्हणजे नंतर दोष सांगताना तो निःपक्षपाती वाटतो.

बॅटलशिप देखणी असते, यात वाद नाही. पुढे निमुळतं होत गेलेलं नाक, मग एकामागे एक चढत गेलेल्या तोफांच्या बुरुजांच्या पायऱ्या, मध्यभागी देवळाच्या शिखरासारखा उंच मनोरा, आणि मागे पुन्हा उतरत गेलेली रेषा. गंमत अशी की यातली एकही गोष्ट शोभेसाठी केलेली नाही. मागचा बुरूज उंच, कारण त्याला पुढच्याच्या डोक्यावरून गोळा टाकायचा. मनोरा उंच, कारण क्षितिजावरच्या शत्रूचं अंतर मोजायचं तर वर चढून पाहावं लागतं. मधला भाग रुंद, कारण तिथे इंजिनं आणि बॉयलर. वस्तूचा घाट कामातून निघावा, असं आधुनिक वास्तुकलेवाले सांगतात. ते घरात क्वचित जमतं (आमच्या घराचा घाट कर्जमंजुरीच्या रकमेतून निघाला आहे), पण बॅटलशिपमध्ये जमलं होतं. प्रत्येक रेषेला कारण होतं.

फक्त त्या सगळ्या कारणांच्या मुळाशी जे कारण होतं, ते कुणी तपासलं नव्हतं.

ते असं. चिलखत किती जाड ठेवायचं, याचा आराखडा करणाऱ्यांचा एक ठरलेला हिशेब असे : आपल्याच तोफेचा गोळा आपल्यावर पडला, तर लढाईच्या नेहमीच्या अंतरावरून तो आत शिरता कामा नये. हिशेब चोख आहे. पण त्यात गृहीत काय धरलंय पाहा. शत्रू कसा असणार? तर हुबेहूब आपल्यासारखा! तेवढ्याच उंचीचा, तेवढ्याच मिशीचा. तो समोरून येणार, आपण छाती पुढे काढून उभे राहणार, आणि ज्याची तोफ मोठी तो जिंकणार. चाळीस कोटींचं कर्ज मागायला येणारा गृहस्थही असंच करतो. त्याच्या प्रकल्प-अहवालात प्रतिस्पर्धी नेहमी त्याच्याच पेठेतला असतो. धंदा मात्र बुडतो तो भलत्याच दिशेने. बॅटलशिपलाही खालून पाणबुडी आणि सुरुंग भेटले, वरून विमान भेटलं. समोरून मिशी पिळत येणारा फारच थोड्यांना भेटला.

या सगळ्याची सुरुवात केली इंग्रजांच्या ‘ड्रेडनॉट’ने. नावाचा अर्थच ‘कशाला न भिणारी’. १९०६ साली ही नौका तयार झाली. आधीच्या बॅटलशिपांवर बारा इंची तोफा चार असत, हिच्यावर दहा. शिवाय वाफेच्या टर्बाइनवर चालणारी, ताशी एकवीस नॉट वेगाची. सगळं जग थक्क झालं. मग इंग्रजांच्या ध्यानात आलं, की या एका नौकेने जर्मनांच्या बॅटलशिपा जुन्या ठरवल्या तशा आपल्याही ठरवल्या. आणि आपल्याकडे तर त्या सगळ्यांत जास्त होत्या! स्वतःच्या सगळ्या मुदत ठेवी मोडून एकच नवी ठेव करावी, त्यातला हा प्रकार. शर्यत पुन्हा शून्यापासून सुरू झाली.

या न भिणाऱ्या नौकेच्या आयुष्यातले दोन प्रसंग सांगण्यासारखे आहेत. पहिला १९१०च्या फेब्रुवारीतला. अबिसीनियाचे राजपुत्र भेटीला येत असल्याची तार आली. मानवंदना झाली. अबिसीनियाचं राष्ट्रगीत बँडला मिळेना, म्हणून झांझिबारचं वाजवलं. राजपुत्रांनी तोफा पाहून अगम्य भाषेत आनंद व्यक्त केला आणि ते निघून गेले. पुढे वर्तमानपत्रांतून कळलं, की ही लंडनची टवाळ मंडळी होती. चेहऱ्याला रंग, डोक्याला फेटे, दाढ्या खोट्या. आणि त्या दाढीवाल्यांतली एक होती व्हर्जिनिया स्टीफन, म्हणजे पुढे जगप्रसिद्ध झालेली लेखिका व्हर्जिनिया वूल्फ. दुभाषा होता तिचा सख्खा भाऊ. आणि कडी म्हणजे त्याच नौकेवर अधिकारी असलेला तिचा मावसभाऊ समोर उभा होता, त्यानेही ओळखलं नाही! अकरा इंच जाडीच्या चिलखतातून एक खोटी दाढी आरपार गेली. मला विचाराल तर बॅटलशिपवरची आजवरची सर्वांत मार्मिक समीक्षा हीच.

दुसरा प्रसंग १९१५चा. ‘ड्रेडनॉट’ने जर्मन पाणबुडी बुडवली. कशी? दहा तोफांपैकी एकही न वापरता. अंगावर जाऊन, धडक देऊन! १९१६ साली जटलंडची प्रचंड लढाई झाली, तेव्हा ही बाई दुरुस्तीसाठी गोदीत होती. १९२१ साली ती भंगारात विकली गेली.

पण शर्यत थांबली नाही. तिकडे जर्मनीत कैसर विल्हेल्म होता. व्हिक्टोरिया राणीचा हा नातू. आजीने त्याला इंग्रज आरमाराचं मानाचं अ‍ॅडमिरलपद दिलं होतं, आणि त्याने ठरवलं की आपलंही तसंच आरमार पाहिजे. हा स्वतः कागदावर जहाजांची चित्रं काढायचा. त्याच्या वर वळवलेल्या मिशा तर जगप्रसिद्ध, त्यांच्यासाठी खास न्हावी असे. आता बोला! मी सुरुवातीला मिशीचं काढलं, ते उगाच नव्हतं.

१९०९ साली इंग्लंडमध्ये गोंधळ उडाला. आरमाराने सहा नव्या बॅटलशिपा मागितल्या. काटकसर करणारे मंत्री म्हणाले, चार पुरेत. लोक रस्त्यावर उतरून म्हणाले, आठ पाहिजेत. सहा आणि चार यांच्यात तडजोड होऊन अखेर आठ मंजूर झाल्या. आमच्या शाखेत असा प्रस्ताव आला असता तर तीन जणांच्या बदल्या झाल्या असत्या.

शेजाऱ्याने फ्रीज घेतला म्हणून आपणही घ्यायचा, हा रोग फक्त आपल्या सोसायटीत आहे, असं वाटत असेल तर दक्षिण अमेरिका पाहा. ब्राझीलने इंग्लंडमध्ये दोन ड्रेडनॉट बांधून घेतल्या. लगेच अर्जेंटिनाने दोन सांगितल्या. मग चिलीने सांगितल्या. तेव्हा ब्राझीलने तिसरी सांगितली, चौदा तोफांची! इतक्या बारा इंची तोफा दुसऱ्या कुठल्याही बॅटलशिपवर कधी बसल्या नाहीत. मात्र तोवर ब्राझीलच्या रबराचे भाव घसरले, हप्ते जड झाले, आणि अर्धवट बांधलेली नौका तुर्कस्तानला विकावी लागली. तुर्कांनी पै पै वर्गणी काढून आरमारासाठी पैसा उभा केला. ताबा घ्यायला खलाशी इंग्लंडात येऊन थांबले, आणि १९१४च्या ऑगस्टात महायुद्ध पेटताना इंग्रजांनी ती स्वतःच ठेवून घेतली. तिचं नाव झालं ‘एजिनकोर्ट’. तोफांचे बुरूज इतके, म्हणजे सात, की त्यांना वारांची नावं दिली : रविवार, सोमवार, मंगळवार... १९२२ साली आठवडाच्या आठवडा भंगारात. कर्ज एकाचं, वर्गणी दुसऱ्याची, वापर तिसऱ्याचा आणि मोड चौथ्याची. असं खातं आम्ही परीक्षेतसुद्धा पाहिलं नव्हतं.

इतकी महाग वस्तू घेतली की पुढचा प्रश्न येतो : ती वापरायची कशी? आमच्या घरी शोकेसमध्ये एक डिनर सेट आहे. आजवर तो फक्त पुसला गेला आहे. बॅटलशिपांचं तेच झालं. जटलंडला अडीचशेच्या आसपास जहाजं जमली, साडेआठ हजारांवर माणसं एका दिवसात गेली, आणि मग दोन्ही आरमारं आपापल्या शोकेसमध्ये परतली. १९१४ साली इंग्रजांची ‘ऑडेशस’ ही नवीकोरी ड्रेडनॉट साध्या सुरुंगावर आपटून बुडाली. एका प्रवासी जहाजावरच्या अमेरिकन उतारूंनी ती बुडताना डोळ्यांनी पाहिली. तरी इंग्रज सरकारने युद्ध संपेपर्यंत ती बुडाल्याचं कबूल केलं नाही. मयत पेन्शनराचा हयातीचा दाखला चार-चार वर्षं सादर करणारे नातेवाईक आम्ही पाहिले आहेत, पण ते निदान इतक्या वजनाचे मयत लपवत नाहीत.

जपान्यांनी तर सगळ्यांवर कडी केली. ‘यामातो’ आणि ‘मुसाशी’ या त्यांच्या जोडीइतक्या मोठ्या बॅटलशिपा ना आधी झाल्या ना नंतर. तोफ ४६ सेंटिमीटर तोंडाची. पण शत्रूला कळू नये म्हणून कागदोपत्री ४० लिहीत. पुरुषार्थाच्या इतिहासात माप कमी करून सांगितल्याचं हे एकमेव उदाहरण असावं! ‘मुसाशी’ बांधताना ती कुणाला दिसू नये म्हणून दोराचे एवढे मोठे पडदे टांगले, की कोळ्यांना जाळ्यांसाठी दोर मिळेना. आणि तयार झाल्यावर? ‘यामातो’ बंदरात इतकी बसून राहिली, की इतर जहाजांवरचे खलाशी तिला ‘हॉटेल यामातो’ म्हणू लागले.

हे मी सौभाग्यवतींना वाचून दाखवलं, तेव्हा त्या म्हणाल्या, “अहो, पण इतकं जपायचं होतं तर केलं कशाला?”

मी शोकेसकडे पाहिलं आणि गप्प बसलो.

इथवर मी हसत आलो. इथून पुढे जरा अवघड आहे. कारण शोकेसमधल्या कपबशीत माणसं राहत नाहीत. बॅटलशिपमध्ये हजार-दोन हजार राहत.

‘हूड’ फुटलं तेव्हा १,४१५ माणसं गेली आणि तीन वाचली. ‘हॉटेल यामातो’ला अखेर १९४५च्या ७ एप्रिलला ओकिनावाच्या वाटेवर विमानांनी गाठलं, वर आपलं एकही विमान संरक्षणाला नव्हतं, आणि परत येण्याचा बेत मुळात नव्हताच. युद्ध हरल्याचं सगळ्यांना दिसत होतं, पण एवढी मोठी बॅटलशिप न लढता बंदरात उरली असती तर अब्रू गेली असती. त्या अब्रूपायी तीन हजारांच्या आसपास माणसं तळाशी गेली. मिशी खाली येऊ द्यायची नाही म्हणून मान द्यायची, असा हा व्यवहार.

ब्राझीलच्या त्या पहिल्या दोन नौकांपैकी ‘मिनास जेराइस’ १९१० साली मायदेशी पोचली. जगातल्या सर्वांत बलवान नौकांपैकी एक. पण तिच्यावरच्या खलाशांना, जे बहुतेक काळे होते, शिक्षा म्हणून चाबकाने फोडून काढत. गुलामगिरी कायद्याने संपून बावीस वर्षं झाली होती. नोव्हेंबरात एकाला अडीचशे फटके मारले, तेव्हा झुआंव कांदिदू या खलाशाच्या पुढारीपणाखाली बंड झालं, अधिकारी मारले गेले, आणि त्या प्रख्यात तोफा त्यांच्याच राजधानीवर रोखल्या गेल्या. मागणी काय? चाबूक बंद करा. सरकारने माफी दिली, मग शब्द फिरवला. कांदिदूला ज्या कोठडीत कोंबलं, तिथल्या अठरांपैकी सोळा मेले. देशाने त्याला रीतसर माफी दिली ती २००८ साली, तो गेल्यानंतर. जगाला छाती दाखवायची नौका. तिला सर्वांत जास्त भीती वाटली ती आपल्याच खलाशाच्या उघड्या पाठीची.

आणि हे जुनं झालं म्हणावं, तर १९८९ आठवा. अमेरिकेने महायुद्धातल्या चार बॅटलशिपा पुन्हा रंगवून समुद्रात आणल्या होत्या. त्यांतली ‘मिसुरी’, जिच्यावर १९४५ साली जपानने शरणागती लिहून दिली, तिच्यावर त्या वर्षी शेर या गायिकेने गाण्याचा व्हिडिओ काढला. अंगावर कपडे बेताचे, तोफेवर मांड ठोकलेली, भोवती टाळ्या पिटणारे खलाशी. आरमाराला नंतर टीका ऐकावी लागली. माझ्या मते त्यांनी आभार मानायला हवे होते, कारण तोफ म्हणजे काय समजतात, हे इतकं उघड कुणी सांगितलं नव्हतं. त्याच वर्षीच्या एप्रिलात तिच्या बहिणीवर, ‘आयोवा’वर, बुरुजात स्फोट होऊन ४७ जण गेले. दारू महायुद्धाच्या काळातली होती. पण आरमाराने पहिल्या चौकशीत खापर फोडलं ते मेलेल्यांतल्याच एका खलाशावर. त्याचं दुसऱ्या एका खलाशावर मन होतं, ते भंगलं, म्हणून त्याने हे मुद्दाम केलं, अशी गोष्ट रचली गेली. १९९१ साली, पुरावा नाही असं कबूल करून, त्याच्या घरच्यांची माफी मागावी लागली. तोफ चुकू शकते, हे मानण्यापेक्षा तो पुरेसा पुरुष नव्हता, हे मानणं त्यांना सोपं गेलं.

म्हणून म्हणतो, या मर्दानी रचनेतला मोठा दोष चिलखताच्या जाडीत नव्हता. दोष असा, की चिलखत पाहता पाहता आतल्या माणसानेही पोलादासारखं असावं, अशी सगळ्यांची अपेक्षा झाली. माणूस तसा नसतो. त्याला भीती वाटते, त्याची पाठ दुखते, त्याचं कुणावर तरी मन बसतं.

याउलट आमच्या मुंबईची एक गोष्ट सांगतो. बॅटलशिप हा शब्द शिडांच्या काळातला. रांगेत उभं राहून लढणारं मोठं जहाज, असा त्याचा मूळ अर्थ. तसलं एक, चौऱ्याहत्तर तोफांचं ‘कॉर्नवॉलिस’, १८१३ साली मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागवानात बांधलं. १८४२ साली चीनवर लादलेला नानकिंगचा तह त्याच्यावरच झाला, म्हणजे तेही काही साधुसंत नव्हतं. पण म्हातारपणी इंग्लंडात त्याचा धक्का केला. माणसं त्याच्यावरून चढायची, उतरायची. असं करत ते १९५७पर्यंत टिकलं, एकशे चव्वेचाळीस वर्षं. ‘ड्रेडनॉट’ला पंधरा मिळाली. घसाऱ्याचा हिशेब मांडायचा तर उपयोगी पडणं हे मिरवण्यापेक्षा कधीही स्वस्त पडतं.

१९९२ साली ‘मिसुरी’ निवृत्त झाली आणि शेवटची चालू बॅटलशिप संपली. आता अमेरिकेत अशा आठ नौका संग्रहालयं होऊन उभ्या आहेत. लोक तिकीट काढून जातात, पोरं तोफेच्या तोंडाशी डोकं लावून पाहतात. जावं, जरूर पाहावं. देखणेपणाला नावं ठेवू नयेत. माझी स्वतःची छाती अजून पुढे येते, हे आधीच सांगितलं आहे. फक्त बाहेर पडताना खलाशांच्या झोपायच्या जागाही पाहाव्यात. एकावर एक टांगलेल्या, कूस बदलता येणार नाही इतक्या अरुंद.

मिशीचं मात्र एक बरं असतं. ती उतरवली, तरी मागे माणूस शिल्लक राहतो.